"ब्रायनला बसवा" म्हणणारा मी

मंडळी, आज दुपारी लेस्टरच्या पार्कात माझी चांगलीच जिरली!

आमच्या हॉस्पिटलच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल टीममध्ये खरा ऑस्ट्रेलियन एकच, पंचेचाळिशीचा ब्रायन. आज तो फारच दमला होता. मैदानाच्या कडेवरून मी ओरडलो, "याला बसवा, पळवत नाही त्याला!"

शेजारच्या सिस्टर सुधाताई भडकल्या. "अहो डॉक्टर, तो आहे म्हणून टीम आहे!" आमची जुंपली. कॅप्टनने माझं ऐकलं आणि ब्रायनला बाहेर बसवलं.

पाच मिनिटांत एका गोलवरून भांडण पेटलं. नियम कोणालाच माहीत नव्हता. दोन्ही टीम ब्रायनकडे धावल्या, पाठोपाठ अंपायरसुद्धा!

संत्रं सोलत ब्रायन म्हणाला, "मी तर आउट आहे. या डॉक्टरांना विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. मी त्याला उठवलं आणि त्याच्या जागी बसलो. सुधाताईंनी उरलेलं संत्रं माझ्या हातात दिलं.