ओल्या पट्टीची पंधरा मिनिटं

एप्रिलमधल्या एका गुरुवारी दुपारी मी नाहूरच्या घरातून मुलुंडच्या मठात अनवाणी चालत गेलो आणि माझा डावा तळवा भाजला. मला ते कळलं नाही. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेली आहे. शनिवारी पत्नीला फरशीवर ओला डाग दिसला, तेव्हा चवड्यावरचा फोड फुटला होता.

अनवाणी जाण्याचा नेम अकरा वर्षांचा. त्या नेमानेच जखम दिली, हे मला पचेना. तरीही मठातला अंगारा जखमेवर भरत राहिलो, वर पावडर टाकून पाय पंख्याखाली ठेवत राहिलो. जखम सुकली की बरी होते, हे लहानपणापासून ऐकलेलं. तिसऱ्या आठवड्यात वास येऊ लागला. सर्जनने जखमेतला मेलेला भाग काढला, औषधं लिहून दिली आणि सांगितलं, "दहा दिवसांत फरक पडला नाही, तर दोन बोटं काढावी लागतील." औषधांत जंतुनाशक द्रावणाची एक बाटली होती. रंग नाही, वास नाही. गोळ्या सुरू केल्या. बाटली नुसत्या पाण्यासारखी दिसली, म्हणून न उघडता देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवली. अंगारा चालूच होता.

सहाव्या दिवशी, गुरुवारी, रिक्षाने मठात गेलो. यापुढे येणार नाही, एवढंच महाराजांना सांगायचं होतं. सँडल काढता येईना, म्हणून बाहेरच्या बाकावर बसलो. शेजारी चपला घालणारी पन्नाशीची बाई माझ्या पायाकडे बघत म्हणाली, "काका, वास येता. बघू." ती एका रुग्णालयात ड्रेसिंग करणारी सिस्टर होती, मूळची मालवणकडची. तिने पट्टी सैल केली. आत राखाडी थर होता.

"ह्या काय भरलात?"

"अंगारा."

"अंगारो कपाळाक लावायचो, काका. जखमेक नाय."

तिने डॉक्टरांचा कागद मागितला. तो खिशातच होता. त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: रोज द्रावणाने धुणे, जखम ओलसर ठेवणे. "वाचलात नाय?" तिने विचारलं. तीस वर्षं मी वर्तमानपत्रात इतरांच्या बातम्या तपासल्या. हा कागद वाचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, ड्युटीवर जाताना ती बाकावर विचारून घेतलेल्या पत्त्यावर घरी आली. हात धुतले, हातमोजे चढवले, गॉजची पट्टी द्रावणात चिंब भिजवून जखमेवर ठेवली. "पंधरा मिनटां हलाचा नाय."

"झोंबत नाही," मी म्हणालो. "काम करतंय ना?"

"झोंबलं असतं तरी तुम्हाला कुठे कळणार होतं?" पत्नी म्हणाली. सिस्टर हसत सुटली.

मग सुटलेला थर तिने हलक्या हाताने पुसला, नवा ओलसर गॉज ठेवला, वर कोरडा पॅड बांधला. रोज हेच. त्या पंधरा मिनिटांत मला करण्यासारखं काहीच नव्हतं. अकरा वर्षं मी चालून, उपाशी राहून देवाकडे काहीतरी नेत होतो आणि त्याबदली काहीतरी मागत होतो. आता फक्त पाय पुढे करायचा होता. जप आपोआप सुरू व्हायचा. त्यात मागणं नसायचं.

मुदतीच्या दहाव्या दिवशी वास नव्हता, जखमेचा तळ लाल दिसत होता. सर्जन म्हणाले, "बोटं राहू देऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिस्टरच्या पाया पडायला वाकलो. ती ओरडली, "काका, चवड्यार भार देऊ नकात!" एरवी ती मठात रविवारी जाते. त्या आठवड्यात एका सहकारिणीने ड्युटी बदलून मागितली, म्हणून ती गुरुवारी आली होती. मला एवढंच ठाऊक आहे. आजही देव्हाऱ्यासमोर बसलो की आधी तिचं नाव मनात येतं.

पुढे पत्नी ड्रेसिंग शिकली. जखम अकराव्या आठवड्यात बंद झाली. अंगारा आता कपाळाला लावतो.

काल गुरुवार होता. मठात रिक्षाने गेलो, आत मोजे घालून बसलो. घरी आल्यावर पत्नीने तळवा उजेडात धरून पाहिला. कोरडा होता.