चौथं कडवं

सुडलैमुत्तू बैलगाडी हाकायचा आणि गाडीवर बसल्या बसल्या गाणी रचायचा. बैल शहाणे होते, वाट त्यांना पाठ होती, म्हणून हा कवी झाला असं त्याची बायको पेच्ची म्हणायची. गाडीवाल्याचं गाणं म्हणून कोणी नाक मुरडलं नाही, कारण मुप्पिडाति अम्मन देवीच्या जत्रेत बाया टाळ्या देत, फेर धरून जे गातात ते त्याचंच. देवीच्या पैंजणापासून सुरू होतं, दुसऱ्या कडव्यात कमरपट्टा, तिसऱ्यात नाकातली चमकी. आणि चौथं. पण चौथं गावात कोणाच्या कानावर कधी पडलंच नाही.

ते त्यानं पेच्चीसाठी केलं होतं. लग्नाला वर्षं लोटली, पाळणा काही हलेना, तेव्हा एका संध्याकाळी बैल सोडता सोडता त्यानं ते तिला म्हणून दाखवलं. 'सगळ्यांच्या ओट्या भरल्यास आई, पेच्चीची तेवढी विसरलीस काय गं? तुझ्या कडुनिंबाला पाळणा टांगलाय, त्यात निजायला कोण येणार ते तूच सांग गं.' पेच्ची कानकोंडी झाली. चारचौघींत आपलं नाव घेऊन असलं गायचं? देवळात ती तिसऱ्या कडव्यावरच थांबायची. चौथं घरात म्हणायची, चुलीपुढे, धूर डोळ्यांत गेल्यासारखं करून. पुढे केस पिकले, मूल मागायचं वय गेलं, मग नवराही गेला. कडवं राहिलं.

मद्रासहून सिनेमावाला आला तेव्हा तिला सगळा गाव आच्ची, म्हणजे आजी, म्हणू लागला होता. त्याच्याजवळ टेपरेकॉर्डर होता. त्याच्या डायरेक्टरनं लहानपणी मामाच्या गावी हे गाणं ऐकलं होतं म्हणे. पेच्चीनं तीन कडवी म्हटली.

"एवढंच, आच्ची?"

"एवढंच. देवीलाही कामं असतात बाबा."

"कवीचं नाव काय?"

आता आली का पंचाईत! नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? आमच्याकडे बाई जीव देईल, पण नाव घेणार नाही. पेच्चीनं पदर सावरला आणि म्हणाली, "ते... गाडी हाकायचे." शेजारणीला हाक मारली असती तर तिनं नाव सांगितलं असतं. पण शेजारीण शेतात होती आणि मद्रासवाल्याला बस गाठायची होती. त्यानं 'लोकगीत' असं लिहून घेतलं आणि गेला.

सिनेमा लागला तसा अख्खा गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून शंकरनकोविलच्या टॉकीजला गेला. पडद्यावर धबधबा, धबधब्याखाली टाळ्या देत नाचणारी ओलीचिंब नटी, आणि नट तिला बघून गातोय देवीचं पैंजण! तिसऱ्या कडव्याला त्यानं तिच्या नाकाच्या चमकीला बोट लावलं आणि थिएटरात शिट्ट्यांचा पाऊस पडला. बायांनी पेच्चीकडे चोरून पाहिलं, आता म्हातारी काय करते म्हणून.

"पोरगी बरी आहे," पेच्ची म्हणाली. "पण टाळी चुकते मेलीची."

नावांच्या पाटीत सुडलैमुत्तूचं नाव नव्हतं. तिला वाचता येत नव्हतं, तिनं पोनमणीला विचारलं होतं. पोनमणी म्हणजे आमच्या गावप्रमुखाची, वीरबाहूची सून. पोरगी जीव लावणारी. लग्नाला बरीच वर्षं होऊन हिचीही कूस उजवेना, म्हणून सासूचे टोमणे खायची आणि दुपारची पेच्चीकडे येऊन बसायची. "नाही आलं आच्ची, नाव," असं तिनं सांगितलं तेव्हा पेच्चीनं मान हलवली. वाईट वाटलं. खोटं कशाला बोला, फार वाईट वाटलं. आता त्याचं म्हणून ते गाणं फक्त देवीपुढच्या फेरात उरलं होतं. तिथं सगळ्यांना ठाऊक होतं कोणाचं आहे ते.

आणि तिथंच घाव बसला. गाणं बसमध्ये वाजायला लागलं, लग्नात वाजायला लागलं, टोळकी पाणवठ्यावर पोरींना बघून चमकीचं कडवं म्हणायला लागली. आडी, म्हणजे देवीचा महिना आला, जत्रा तोंडावर आली. वीरबाहूनं चावडीवर सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"यंदापासून ते गाणं फेरात नको. उष्टं झालं ते. गावभर चघळून झालेलं गाणं देवीला वाढायचं? उष्टं पान कोणी नैवेद्याला मांडतं का?"

पेच्ची उठून उभी राहिली. "अरे वीरबाहू, पुराणातल्या त्या शिकाऱ्यानं आधी मांस चाखून बघितलं आणि मग शंकराला दिलं. शंकरानं घेतलं ना?"

"तो भाबडा होता, आच्ची. हे मद्रासवाले आहेत."

सगळे हसले. हशा झाला की आमच्याकडे निकाल लागला असं समजतात. पेच्ची खाली बसली. लहानपणी ज्याचं नाक तिनं आपल्या पदरानं पुसलं होतं, तो आज तिला देवीचं सोवळं शिकवत होता!

मुळैपारी बसली. बायांनी मडक्यांत माती-शेणखत घालून नवधान्य पेरलं, अंधाऱ्या खोलीत झाकून ठेवलं. रोज संध्याकाळी त्या मडक्यांभोवती फेर धरून गायचं, तेव्हा कुठे अंकुर नीट वर येतात. पेच्चीनं दुसरं एक जुनं गाणं घेतलं. टाळ्या पडत होत्या, पण जीव नव्हता. मीठ विसरलेल्या सांबारासारखं. आणि गंमत बघा, बाहेर कडुनिंबाला बांधलेल्या कर्ण्यातून तेच सिनेमाचं गाणं दिवसभर ठणाणा करत होतं.

"हे कसं चालतं रे?" पेच्चीनं विचारलं.

"ते यंत्र आहे, आच्ची," वीरबाहू म्हणाला. "यंत्राला कुठलं आलंय उष्टं?"

हा माणूस गावप्रमुख उगाच नाही झाला.

शेवटची संध्याकाळ. मडकी बाहेर काढून देवीपुढे मांडली होती. अंकुर हातभर वाढलेले, पिवळेधमक. पोनमणीनंही नवसाचं मडकं वाढवलं होतं. तिची सासू बाजूच्या बाईला सांगत होती, ऐकू जाईल अशा आवाजात, "मडक्यात उगवतंय बाई सगळं. उगवायला हवं तिथं मात्र नाही." पोनमणी मडक्यावरचं फडकं उगाचच नीट करत राहिली.

फेर उभा राहिला. कर्णा बंद झाला. बाया पेच्चीच्या तोंडाकडे बघत थांबल्या.

"वीरबाहू," पेच्ची मोठ्यानं म्हणाली, "सिनेमावाल्यानं तीन नेली. चौथं माझ्याकडेच आहे. ते कोणी चाखलेलं नाही. ते चालेल ना?"

वीरबाहू गांगरला. चौथं आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. पुजाऱ्यानं मान डोलावली. "न चाखलेलं असेल तर काय हरकत आहे, वीरबाहू अण्णा?"

आता मागे फिरायला वाट नव्हती. पेच्चीनं हात उचलले. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं, आता या वयात सगळ्या गावापुढे उघडं करायचं! तोंडाचं बोळकं झालेली म्हातारी देवीजवळ मूल मागतेय म्हणून पोरं महिनाभर हसतील. हसोत. न गायलं तर तेही तिच्याबरोबर चितेवर जाणार. नाव तर गेलंच होतं त्याचं, आता बोलही जायचे.

तिनं टाळी दिली.

"सगळ्यांच्या ओट्या भरल्यास आई..."

समोर पोनमणी होती. मान खाली घालून टाळी देत होती. पेच्चीनं आपलं नाव जिभेवर आणलं होतं, अगदी ओठापर्यंत.

"...पोनमणीची तेवढी विसरलीस काय गं?"

कसं झालं ते तिलाही कळलं नाही. नवऱ्यानं तिच्यासाठी घडवलेला एकच दागिना, तो तिनं दुसरीच्या गळ्यात घातला. पण गळा थांबला नाही. पाळणा, कडुनिंब, कोण येणार निजायला, सगळं म्हटलं. दुसऱ्या वेळी बायांनी ओळ उचलली. पोनमणीचं नाव घेऊन अख्खा फेर देवीला जाब विचारायला लागला. पोनमणी रडत होती आणि टाळी चुकू देत नव्हती. सासूनं इकडेतिकडे पाहिलं, मग तीही फेरात शिरली.

फेर थांबला. वीरबाहूनं खांद्यावरचं उपरणं काढून तोंड पुसलं, डोळेही पुसले. चावडीवरचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"आच्ची," तो म्हणाला, "ते आणखी एकदा म्हण."

"कसं म्हणू रे?" पेच्ची म्हणाली. "एवढ्या बायांच्या तोंडातून गेलं. उष्टं झालं की आता."

कोणी हसलं नाही. वीरबाहू पुढे आला आणि सगळ्या गावासमोर तिच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "म्हण आच्ची. पहिल्यापासून म्हण. मुत्तूमामांची चारही म्हण."

पेच्चीनं हात उचलले आणि पैंजणापासून सुरुवात केली.