आमच्या लेंड्या, त्यांची ज्वारी

आम्ही मेंढपाळ. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर आजोबांना कूळ म्हणून पिशोरजवळ जमिनीचा एक तुकडा मिळाला. पुढं तो वडिलांच्या नावावर आला, पण त्यावर वर्षभर राहणं आम्हाला कधी जमलं नाही. दसरा झाला की मेंढरं घेऊन आम्ही गोदाकाठाकडं उतरायचो आणि पावसाच्या तोंडाशी परतायचो. मधल्या काळात आमचं रान शेजारचे अण्णा पेरायचे. विचारून नाही, बांध मोडून, बापजाद्यांचंच असल्यासारखं.

परत आलो की रानात त्यांच्या ज्वारीची धसकटं. मग वडिलांचे कन्नडच्या तहसिलीत खेटे सुरू. निकाल दर वेळी आमच्या बाजूनं लागायचा. अधिकारी येऊन ताबा द्यायचे, पंच अंगठे उठवायचे, अण्णा मान डोलावायचे आणि वर सगळ्यांना चहा पाजायचे. दसऱ्याला आमची पाठ वळली की नांगर पुन्हा आत. एका साली वडील लवकर ज्वारी पेरून गेले, तर ती अण्णांनी कापून नेली. जाब विचारला तर म्हणाले, "पाखरांनी खाल्ली असती, मी राखली."

खरी आग वेगळ्याच गोष्टीची व्हायची. ताबा मिळाला की वडील पावसाळाभर आमची मेंढरं त्याच तुकड्यात बसवायचे. लेंडीखतासाठी दुसरे शेतकरी धान्य देऊन मेंढरं बसवून घेतात. वडील त्या धान्यावर पाणी सोडून आपल्या रानाचे लाड करायचे. मेंढरं कोंडायचा जाळीचा वाडा रोज थोडा सरकवायचे, एक कोपरा उपाशी राहू द्यायचे नाहीत. आणि त्या पोसलेल्या रानात पेरायचे अण्णा. बाजारात कुणी त्यांच्या टपोऱ्या ज्वारीची तारीफ केली की म्हणायचे, "रानच तसं हाय आमचं."

मी जळायचे. त्या ज्वारीवर, अण्णांच्या घरावर, आणि सगळ्यात जास्त त्यांच्या मुलीवर. ती माझ्याच वयाची. तिला वर्षभर एकच शाळा, एकच आड, दप्तर अडकवायला एकच खुंटी. हिवाळ्यात आमच्या रानातला हुरडा ती खायची आणि आम्ही आलो की मला विचारायची, "तुमच्यात हुरडा करतेत का गं?" तिच्या वेण्या ओढाव्याशा वाटायच्या. एकदा ओढल्याच, आणि लई बरं वाटलं.

शेवटी आईनं ठरवलं. दसऱ्याला वडिलांना म्हणाली, "तुम्ही जा मेंढरं घेऊन. म्या अन् पोरगी इथंच ऱ्हातो. रान मोकळं दिसलं की शिरतो त्यो."

"बाईमाणूस एकटी कशी ऱ्हाशील?"

"इतकी सालं तहसीलदार ऱ्हायला व्हय राखणीला?"

वडील भाऊबंदांसोबत निघून गेले. आईनं रानातच छप्पर घातलं. चार दिवसांत अण्णा बैल घेऊन बांधावर आले, तर आई रानाच्या मधोमध ढेकळं फोडत बसलेली.

"काय गं, या साली गेली नाय?"

"नाय. आता जाणारच नाय."

अण्णांनी बैल वळवले. इतकंच झालं. मी त्या हिवाळ्यात आपल्या रानातला हुरडा खाल्ला आणि शाळेत माझी एक खुंटी पटकावली. आईची धास्ती मात्र गेली नाही. ज्वारी निघाली, मृग लागला, तशी तिनं कपाशी टोकली. रान मोकळं ठेवायचंच नव्हतं तिला.

वडील त्या साली उशिरा परतले. तोवर कपाशी वीतभर झाली होती. मेंढरं सवयीनं आत शिरू बघत होती आणि आई काठी घेऊन आडवी उभी होती.

"मंग बसवू कुठं?" वडिलांनी विचारलं.

उत्तर अण्णांनी दिलं. "आमचं रान मोकळं हाय. बसव तिथं. धान्य देतो."

वडील गेले. पोटाला धान्य लागतंच. पावसाळाभर आमची मेंढरं अण्णांच्या रानात बसली, वडीलही तिथंच राहिले. जेवायला घरी येत, आणि अण्णांच्या मुलीनं चहा दिला म्हणून कौतुकानं सांगत. आमची कपाशी यथातथाच होती. तिच्याबद्दल ते काही बोलत नसत.

भादव्यात मेंढरं उठली तशी अण्णांनी पेरणी लवकर उरकली. दसऱ्याला, निघायच्या सकाळी, वडील आधी त्या रानात गेले. ज्वारी गुडघ्याला लागली होती, काळीशार हिरवी. त्यांनी मूठभर माती उचलली, चुरली, नाकाशी नेली. शेजारी अण्णा, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. आमच्या रानात वाडा सरकवताना वडिलांचा चेहरा असायचा, तसाच तेव्हा होता.

"काय रान झालंय," परत येऊन ते आईला म्हणाले. आई भाकरी बांधत राहिली.

मी कपाशीत उभी होते. आमचं रान आता कुणी हिसकावून नेणार नव्हतं. अण्णा अख्खा तुकडा गिळायचे त्या सालांतही मी इतकी जळले नव्हते.