देविकाला ऐकू आलेलं मालवणी

हे लिहायचं की नाही, यात वर्ष गेलं. इथे लोक भुताखेतांचे अनुभव लिहितात ते मी नेहमी वाचते, आणि खरं सांगायचं तर हसायलाच वाचते. कणकवलीच्या कॉलेजातून केमिस्ट्री केलं, लग्नाआधी दोन वर्षं पाणी तपासायच्या लॅबमध्ये नोकरी केली. अमुक झाडाखालून जाऊ नकोस असं कुणी म्हणालं की मी मुद्दाम तिथूनच जाणार, असा माझा स्वभाव. आमच्या सासरी कुणी आजारी पडलं की आधी देवाला गाऱ्हाणं घालतात, मग डॉक्टर. त्यावरून मी पुष्कळ वाद घातलेत. त्यामुळे खाली जे लिहितेय ते वाचून तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही. मीही हसलेच असते...

आमचं घर देवबागला. ज्यांनी देवबाग बघितलं नाही त्यांच्यासाठी – एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. घराच्या पुढच्या अंगाला रस्ता आणि समुद्र, मागे माडाची झाडं, त्यापुढे विहीर आणि मग खाडी. आमचा होमस्टे आहे, पाच खोल्यांचा. नवरा, संदेश, पर्यटकांना बोटीतून फिरवतो. मी घर आणि जेवण सांभाळते. विहीर मात्र आमची एकट्याची नाही. ती आमची आणि शेजारच्या सुलूवैनीची, सामाईक. सुलूवैनी म्हणजे संदेशच्या चुलतभावाची बायको. नवरा वारल्यापासून एकट्याच राहतात. आमचा पंप बसल्यापासून विहिरीचं पाणी मचूळ झालं असं त्यांचं म्हणणं, आणि त्यावरून आमचं बोलणं जवळजवळ बंद होतं.

मागच्या नोव्हेंबरात आमच्याकडे मॉरिशसहून कॉलेजच्या मुलांची सहल आली. बारा मुलंमुली आणि त्यांचे सर. सगळे मराठी शिकणारे. यांचे खापरपणजोबा कधीतरी कोकणातून उसाच्या मळ्यात कामाला गेलेले, आणि तिकडे अजून मराठी शिकवतात, हे मला तेव्हाच कळलं. आपापसात ही मुलं त्यांच्या क्रिओल भाषेत बोलायची, आमच्याशी मात्र अगदी पुस्तकातलं मराठी. ‘कृपया मला थोडे जल मिळेल का?’ असं.

देविका त्यातलीच, एकोणीस वर्षांची. पहिल्यांदाच बेटाबाहेर पडलेली. बाकीची मुलं बोटी, डॉल्फिन, बीच यात रमली होती. हिला मात्र माणसांशी बोलायचं होतं. कुडाळ स्टेशनवर उतरल्या उतरल्या दुकानांच्या पाट्या मराठीत बघून तिने फोटो काढले म्हणे. पण तिचं मराठी ऐकून रिक्षावाला हिंदीत बोलायला लागला. वालावलच्या देवळात एका बाईंनी तिला, तू मराठी नाहीस, असं तोंडावर सांगितलं. तिच्या घरातलं कुणीतरी मालवणकडून गेलं होतं एवढंच तिला माहीत होतं. गाव कुठलं ते नाही. मला म्हणाली, “ताई, तिकडे सगळे आम्हाला भारतीय म्हणतात. इथे आल्यावर कुणी म्हणत नाही.” मला वाईट वाटलं. पण खरं तर तेव्हा माझ्या डोक्यात पंधरा माणसांचं जेवण होतं.

पहिल्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर ती मागे विहिरीवर गेली. तिला दोरीने पाणी काढायची हौस होती. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात आली आणि विचारलं, “कोणाचा गो तू, म्हणजे काय?”

मी म्हटलं, तू कुणाची मुलगी असं विचारतात. इकडे अनोळखी पोर दिसली की पहिला प्रश्न हाच. कुणी विचारलं? तर म्हणाली, एका बाईंनी, पण दिसल्या नाहीत. मला वाटलं, सुलूवैनी असणार, त्यांच्या पडवीतून विचारलं असेल. विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत आली. या वेळी वाक्य तिने वहीत लिहून आणलं होतं, जसं ऐकलं तसं. चेहरा थोडा उतरलेला. मी वही बघितली. लिहिलं होतं – आमच्या पान्याक हात लाव नको.

आता हे मालवणी येत नसलं तरी कुणालाही कळेल. पण तिला नक्की कळलं नव्हतं, ‘पान्याक’पाशी ती अडली होती. आणि मी... मी खोटं बोलले. म्हटलं, पाणी जपून वापर असं सांगतात, इकडे गोड्या पाण्याची टंचाई असते ना. परदेशातून आलेला आमचा हा पहिलाच ग्रुप. त्यातल्या पोरीला आमच्याच दारात कुणी पाण्याला शिवू नको म्हणतं, हे तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

तिच्या मागोमाग मी तडक सुलूवैनीच्या दारात. काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. पाहुण्यांवर राग काढता, पोर परकी आहे म्हणून तिला हिडीसफिडीस करता, असं आणि याहून वाईट. त्यांच्या नवऱ्याचं नावसुद्धा मध्ये आणलं. ते आणायला नको होतं. त्या कोयती घेऊन नारळ सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “मेघा, तुजा डोक्या फिरला काय गो? मी त्या चेडवाक अजून बघूक पण नाय.” त्या पोरीला अजून बघितलंसुद्धा नाही म्हणे. मग उठून आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मला ते ढोंग वाटलं.

त्या दिवशी मुलांचं काहीच धड होत नव्हतं. दोघांची पोटं बिघडली. एकाला बोटीत चढताना कालवाचा धारदार शिंपला लागून पाय कापला. आमचा कुत्रा, जो बारा वर्षांत कुणावर गुरगुरला नाही, तो देविका दिसली की मान खाली घालून दात दाखवायचा. शेवटी संदेशने त्याला बांधून ठेवलं. सर माझ्याशी तुटकपणे बोलायला लागले. सहलीत असं होतंच, त्याचा मी संबंध लावत नाही. फक्त घडलं ते सांगतेय.

दुपारी तीनच्या सुमाराला देविका तिसरं वाक्य घेऊन आली. या वेळी डोळे चमकत होते. म्हणाली, “ताई, त्या माझ्याशी खूप बोलल्या. मला वाटतं, त्यांना माहीत आहे मी कोण आहे ते.”

वहीत होतं – गेलला माणूस परत येवचा नाय. जा हंयसून, नायतर हंयसरच ठेवन घेतलंय.

म्हणजे, गेलेल्या माणसाने परत येऊ नये. जा इथून, नाहीतर इथेच ठेवून घेईन.

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती इतक्या आशेने बघत होती, की मी दुसऱ्यांदा खोटं बोलले. म्हटलं, गेलेल्या माणसाने परत यावं, असं म्हणतात त्या. जुनी माणसं आहेत, तुला ठेवूनच घेतलं असतं म्हणतात, इतकी आवडलीस. ती रडायलाच लागली. मला मिठी मारून म्हणाली, इकडे आल्यापासून कुणीतरी पहिल्यांदा असं बोललं. उद्या त्यांचा आवाज रेकॉर्ड करते आणि घरी आईला ऐकवते.

तुम्ही म्हणाल, मी त्याच वेळी संदेशला सांगायला हवं होतं. सांगितलं. तो म्हणाला, वैनी असं बोलणारी नाही, भांडली तर समोर येऊन भांडते. मी ऐकलं नाही. ग्रुप उद्या दुपारी निघणारच आहे, एवढा एक दिवस निभावून नेऊ, असा मी विचार केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी साधारण साडेनऊ. लख्ख ऊन. मुलं पुढच्या अंगणात बॅगा भरून ठेवत होती. मी स्वयंपाकघरात घावणे घालत होते आणि सर माझ्यासमोर स्टुलावर बसून चहा पीत होते. घावणे तव्याला चिकटत का नाहीत, असं विचारत होते. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढे त्याला महत्त्व आहे. त्या वेळी मी कमीत कमी पंधरा मिनिटं त्या जागेवरून हलले नव्हते, आणि सरही नव्हते.

मागून सुलूवैनीची हाक आली. हाक कसली, ओरडणंच ते. मी तवा तसाच टाकून धावले. सर माझ्या मागे. सुलूवैनी विहिरीच्या कठड्यावर पोटावर आडव्या, एक हात आत, आणि त्या हाताला देविका लोंबकळलेली. आमची विहीर खोल नाही. वाळूतली आहे, दीड पुरुष पाणी असेल. पण तिला पोहता येत नव्हतं. समुद्राच्या बेटावर राहूनही! संदेश पुढच्या अंगणातून धावत आला, आत उतरला, तिला खालून ढकलली, आम्ही वरून ओढली. उजवा हात कोपरापासून वाकडा झालेला. पण शुद्धीवर होती.

सरांनी तिला क्रिओलमध्ये काहीतरी विचारलं. तिने माझ्याकडे बोट केलं. मग मराठीत, दात वाजत असताना म्हणाली, “ताई, तुम्हीच हाक मारली. आत बघ म्हणालात.”

मी म्हटलं, मी स्वयंपाकघरात होते. सरही म्हणाले, त्या माझ्यासमोर होत्या. तेवढ्यात एका मुलीला कठड्यावर देविकाचा फोन दिसला. रेकॉर्डिंग चालूच होतं.

सरांनी ते तिथेच लावलं. आधी नुसतं माडांचं वाजणं, कावळे, खाडीत कुठेतरी बोटीचं इंजिन. देविका हळू आवाजात, ‘नमस्कार, मी आले आहे’ असं म्हणाली, ते ऐकू आलं. मग थोडं थांबून बाईचा आवाज. “ये गो बाय. हंय ये. आत बघ, काय आसा तां.”

तो माझा आवाज होता.

माझ्यासारखा नाही, माझाच. माझी ‘बाय’ म्हणताना किंचित लांबवायची सवय आहे, तीसुद्धा. पाहुण्यांना जेवायला बोलावते तेव्हाचा प्रेमळ सूर. मग दगड निसटल्यासारखा आवाज, किंकाळी, पाणी. आणि त्या धडपडीत, फोनच्या अगदी जवळून, शांतपणे – “आता रव हंयसर.” आता इथेच राहा. त्यानंतर सुलूवैनीचं ओरडणं, आणि मग दुरून धावत येताना माझेच शब्द, ‘काय झाला, काय झाला’. एकाच रेकॉर्डिंगमध्ये, एकच आवाज दोन जागी.

मुलं एकेक करून मागे सरकली. सरांना माहीत होतं मी कुठे होते ते, त्यांच्या हातात अजून चहाचा कप होता. तरी देविका आणि मी यांच्यामध्ये ते उभे राहिले, आणि तिला मालवणच्या दवाखान्यात न्यायला गाडी आली तेव्हा मला म्हणाले, “तुम्ही येऊ नका.” जाताना तिची वही त्यांनी संदेशला दाखवली. त्याने तीन वाक्यं वाचली, मग तिने खाली इंग्रजीत लिहून ठेवलेले माझे अर्थ वाचले. तेव्हा त्याने माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. आवाजाचं जाऊ दे, पण खोटं तर मीच बोलले होते ना. खरं सांगितलं असतं तर ती पोर परत विहिरीवर गेलीच नसती.

ग्रुप दवाखान्यातूनच परस्पर गोव्याला गेला. बॅगा ड्रायव्हर घेऊन गेला. देविकाच्या हाताला प्लास्टर घातलं, ती सुखरूप घरी पोचली, एवढं नंतर सरांकडून कळलं. रेकॉर्डिंग मी मागून घेतलं. माझ्या बहिणीला काही न सांगता ऐकवलं, तर ती म्हणाली, तू कुणाला बोलावतेस? आईनेही तेच विचारलं. लॅबमधला माझा जुना सहकारी म्हणाला, हल्ली कुणाचाही आवाज बनवता येतो. येत असेल. पण तीन दिवसांच्या पाहुणीसाठी कुणी, कशासाठी बनवेल? आणि तो ऐकून ती आत वाकली, तेव्हा विहिरीवर तो वाजवत कोण होतं?

महिन्याभराने मी सुलूवैनीकडे गेले. माफी मागायला. त्यांनी बसायला पाट दिला, चहा नाही दिला. मी विचारलं, त्या सकाळी तुम्ही बाहेर कशा आलात?

“तुज्याशी भांडाक,” त्या म्हणाल्या. “तुजो आवाज आयकलंय. म्हटलंय, परत बावीर येवन कोणाक तरी बोलावता. भायर येवन बघलंय तर बावीर कोण नाय. ता चेडू आत.” म्हणजे, विहिरीवर कुणीच नव्हतं, आणि ती पोर आत.

मी विचारलं, मग सगळ्यांसमोर हे का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, सांगून काय, मी तुझ्या बाजूने बोलले असते की तुझ्याविरुद्ध, ते माझं मलाच कळलं नाही. मग त्यांनी मला उठायला सांगितलं. आमचं बोलणं त्यानंतर झालेलं नाही.

संदेशच्या घरच्यांनी गाऱ्हाणं घातलं. मी पहिल्यांदाच वाद न घालता हात जोडून उभी राहिले. देविकाचं कुणी खरंच इथून गेलं होतं का, गेलं तर कुणाच्या घरातून, त्या जाण्यात काय घडलं होतं, हे सांगू शकेल असं कुणी नाही. मी चौकशी केली, हाती काही लागलं नाही. आवाज माझा का, याचं उत्तर तर कुठे शोधायचं तेही कळत नाही. विहिरीवर लोखंडी जाळी बसवली. होमस्टे चालू आहे. पाहुणे येतात, जेवतात, जातात, कुणाला काही ऐकू येत नाही.

फक्त एक बदल झालाय. मी आतून हाक मारली की संदेश आता ‘ओ’ देत नाही. हातातलं काम टाकतो, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येतो, मी तिथे आहे हे डोळ्यांनी बघतो... आणि मग विचारतो, काय म्हणतेस.