सोमवारचा अर्धा तास

सोमवारी दुपारी एक वाजता आबा दोन ताटं मांडायचे. एक स्वतःपुढे, एक समोरच्या रिकाम्या पाटापुढे. मनगटावरचं घड्याळ काढून दोन्ही ताटांच्या मध्ये ठेवायचे आणि अर्धा तास घासाला हात लावायचे नाहीत. दीड वाजला की म्हणायचे, "गणपूर्ती न्हाई. सभा तहकूब." मग समोरचं ताट उचलून फडताळात ठेवायचे आणि एकटेच जेवायचे.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आईनं दिलेला आमटीचा डबा घेऊन त्यांच्या दारात उभी होते. आबाच म्हणाले, "बघतीस काय? सभेला कमीत कमी माणसं लागतात, त्याला गणपूर्ती म्हणायचं. जेवणाला दोन लागतात. न्हाई जमली तर अर्धा तास थांबायचं आन् तहकूब करायची. तहकूब सभा परत भरली की तिला गणपूर्ती लागत न्हाई. एकटा माणूस बी चालवू शकतो. नियमच हाय तसा."

शहराला लागून असलेल्या उचगावात आमच्या शेजारी आबांचं दोन खोल्यांचं घर होतं. ते एकदाच आमदार झाले होते, तेही मी फार लहान असताना. बायको वारलेली, मुलगा पुण्यात. गावात त्यांना कुणी वाईट म्हणत नसे, पण त्यांच्याकडे फारसं कुणी जातही नसे. भाषणं त्यांना कधी जमली नाहीत. त्यांची सगळी कारकीर्द मुंबईतल्या एका समितीच्या खोलीत गेली. "आमच्या समितीकडं कायबी यायचं," ते सांगायचे. "सकाळी मासेमारीचं विधेयक, दुपारी बाजाराचं, चहा झाला की कुठल्या तरी मंडळावर कुणाची तरी नावं. बाकीचे कागद न उघडताच हात वर करायचे. मी म्हणायचो, वाचलंय का? मग हात कशाला वर? एकच उजवा हात हाय, जपून वर करावा की."

ही सवय घरातही होती. आईच्या आमटीचा घास घेऊन ते गंभीरपणे म्हणायचे, "मूळ प्रस्ताव चांगला हाय. मिठाबद्दल एक दुरुस्ती सुचवतो." आईला ते मुळीच आवडायचं नाही. "फुकटची आमटी आन् वर दुरुस्ती," ती म्हणायची, पण पुढच्या सोमवारी मीठ कमी असायचं.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. वडील फाउंड्रीत कामाला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे कुणाला काय विचारायचं हेही कुणाला ठाऊक नव्हतं. राजारामपुरीतल्या एका वाचनालयात अर्धवेळ जागा निघाली. अर्जाला दिवाळीनंतरपर्यंत मुदत होती आणि शिफारसपत्र जोडायचं होतं. आबांकडे 'माजी विधानसभा सदस्य' असं छापलेले कागद होते. दोन दिवस धीर गोळा करून सोमवारी डबा देताना मी त्यांना विचारलं.

"तुझं काम बघितलंय का मी?" आबा म्हणाले.

"नाही."

"मग लिहू काय? शेजारची हाय, आमटी आणती, एवढंच मला ठावं हाय."

माझा चेहरा उतरला असणार. आबा समोरच्या रिकाम्या पाटाकडे बोट करून म्हणाले, "ह्या पाटावर बसायचा, त्याला बी मी न्हाई म्हटलंय."

त्या पाटावर पांडूतात्या बसायचे. शिवाजी पेठेतले शिंपी. फुटबॉलच्या टीमचे शर्ट शिवायचे आणि संध्याकाळी पोरांना खेळ शिकवायचे. तरुणपणी दोघं एकाच टीमला. पांडूतात्या गोलकीपर, आबा त्यांच्या पुढ्यात फुलबॅक. तात्यांचं दुकान सोमवारी बंद, म्हणून सोमवारचं जेवण आबांकडे. पुढे क्रीडा मंडळावर नेमायच्या लोकांची नावं समितीपुढे आली आणि त्यात तात्यांचं नाव होतं. तात्या स्वतः शिवलेला नवा सदरा घालून मुंबईला गेले आणि समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहिले. आत नाव पुकारलं गेलं. एक हात कमी पडला. तो आबांचा होता.

"का?" मी विचारलं.

"पांड्या लाख माणूस. पर त्याला पेठेच्या पलीकडं जग न्हाई. सगळं आपल्याच पोरांस्नी दिलं असतं त्यानं. बाकीच्या जिल्ह्यांतल्या पोरांनी काय करायचं?" घड्याळ मनगटावर बांधत ते म्हणाले, "बाहेर आलो आन् सांगितलं त्याला. माझा हात वर न्हवता म्हणून. तो उठला, सदरा झटकला आन् गेला. तवापास्नं आला न्हाई."

त्याला पंधराएक वर्षं झाली होती. इतकी वर्षं दर सोमवारी अर्धा तास.

मला राहवेना. आबांना न सांगता एका शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर मी शिवाजी पेठेत गेले. दुकान शोधायला वेळ लागला नाही. एक बारीक, टक्कल पडलेला म्हातारा मशीनवर शर्टाच्या बाह्या जोडत होता.

"काय पायजे पावणं?"

"उचगावहून आलेय. आबांच्या शेजारची."

मशीन थांबलं. "जित्ता हाय व्हय अजून?"

"आहेत. सोमवारी तुमच्यासाठी थांबतात. अर्धा तास."

"अर्धाच?" ते हसले. मग हसू ओसरलं. "आन् मग तहकूब, व्हय ना? तो नियम मलाच पाठ करून दाखवायचा जेवताना." कात्री उचलून त्यांनी पुन्हा खाली ठेवली. "हात न्हाई केला वर, त्याचं काय न्हाई गं पोरी. खरं बोलला आसंल तो. मी दिलं असतंच की सगळं पेठेला. पर बाहेर येऊन सांगायचं कशाला? गप बसला असता तर मला कधी कळलं असतं? दोघं मिळून बाकीच्यांना शिव्या दिल्या असत्या आन् सोमवारी जेवलो असतो."

निघताना मी विचारलं, "मग येताय म्हणून सांगू?"

"टीमचे शर्ट द्यायचेत. बघतो म्हण."

बसमध्ये तो शब्द मी सारखा घोळवत होते. घरी आले तर आबा ओट्यावर बसलेले. त्यांचा चेहरा पाहिला आणि मी म्हटलं, "पेठेत जाऊन आले. तात्या येतो म्हणालेत."

आबा उभे राहिले. "येतो म्हटला? शब्द तोच?"

"हो."

त्या सोमवारी आबांनी इस्त्रीचा सदरा घातला. मटण स्वतः शिजवलं, आईला हात लावू दिला नाही. एक वाजला, दीड वाजला. त्यांनी तहकूब म्हटलं नाही. चार वाजता मी डोकावले तेव्हाही दोन्ही ताटं तशीच होती आणि रश्श्यावरचा कट थिजून गेला होता. पुढच्या सोमवारी तेच. तिसऱ्या सोमवारी मला ते पाहवेना. मी रडत सांगितलं, "आबा, ते येतो म्हणाले नव्हते. बघतो म्हणाले होते."

मला वाटलं ओरडतील. ते हळू आवाजात म्हणाले, "त्याचा हात तू तुझ्या हातानं वर केलास व्हय." आणि थोड्या वेळानं, "बघतो म्हटला ना पर? न्हाई म्हटला न्हाई. तेवढं बी पुरे होतं की गं मला." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. दीड कधीच वाजून गेला होता. "सभा तहकूब," ते म्हणाले आणि जेवायला बसले.

त्यानंतर पुन्हा अर्ध्या तासाचा नेम सुरू झाला. फक्त आता बाहेर रिक्षा वाजली की आबा मान वळवायचे. पूर्वी वळवायचे नाहीत. ती मान माझ्यामुळे वळू लागली होती आणि मी ते बघत होते.

दिवाळीच्या आधी पांडूतात्या गेले. आबांनी वर्तमानपत्रात वाचलं आणि मला म्हणाले, "चल." आम्ही बसनं शिवाजी पेठेत पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. दुकानाची फळी बंद होती. बाहेर मांडलेल्या खुर्च्यांवर टीमची पोरं बसली होती. आबांना कुणी ओळखलं नाही. एका पोरानं उठून खुर्ची दिली आणि विचारलं, "पावणं, कुठलं?"

"उचगावचा," आबा म्हणाले. घड्याळ काढून त्यांनी हातात धरलं. अर्ध्या तासानं ते उठले.

पुढच्या सोमवारी मी डबा घेऊन गेले. एक वाजायचा होता. ताट एकच होतं, घड्याळ मनगटावरच होतं आणि आबा जेवत होते.

"आबा, अर्धा तास?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आता कुणासाठी?" त्यांनी आमटी वाढून घेतली, घास खाल्ला. आमटी खारट होती. मला माहीत होतं, घाईत माझ्याच हातून मीठ दोनदा पडलं होतं. आबांनी दुरुस्ती सुचवली नाही.

जेवण झाल्यावर हात पुसून त्यांनी फडताळातला छापील कागद काढला. खाली सही केली आणि मजकूर न लिहिताच तो माझ्यापुढे सरकवला. "वर तुला काय पायजे ते लिही."

"आबा, तुम्ही माझं काम बघितलंय का?"

"लिही गं," ते म्हणाले आणि ताट उचलून आत गेले.

वाचनालयाचा अर्ज मी त्या कागदाविना दिला. जागा मिळाली नाही. पुढे दुसरीकडे मिळाली, आबाही गेले, त्यांच्या घरात आता दुसरे लोक राहतात. तो कागद माझ्याकडे अजून आहे. खाली आबांची नीट, सावकाश केलेली सही आहे. वरची जागा मी तशीच ठेवली आहे.