कबूल म्हणायला वेळ लागतो

आमच्या लग्नाला कोणाला बोलवायचं, याची माझी कसोटी एकच होती. जो माझं वाक्य मधेच पुरं करत नाही, त्याने यावं. या कसोटीला उतरणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली, आणि त्यांत माझे वडील नव्हते.

मी बोलताना अडखळतो, लहानपणापासून. शब्द डोक्यात तयार असतो, ओठापर्यंत येतो आणि तिथे दार लागतं. त्यातही 'क' म्हणजे माझा जन्माचा वैरी. मी अडकलो की डोळे मिटतात, मान मागे जाते, आणि समोरचा माणूस घाबरून मदतीला धावतो. माणसं वाईट नसतात, घाईत असतात. मी 'पोहे' म्हणायला तोंड उघडावं, तर हॉटेलवाला 'पॅटिस?' म्हणून मोकळा. मी मान हलवतो, कारण मान हलवणं सोपं. अशा रीतीने मी आजवर निम्मं खाणं दुसऱ्याच्या मनातलं खाल्लं आहे, आणि पॅटिस मला मुळीच आवडत नाही.

निकाहात मात्र मान हलवून भागत नाही. काझीसाहेब विचारतात आणि नवऱ्या मुलाने सगळ्यांदेखत तीनदा 'कबूल' म्हणायचं असतं. शब्द सुरू होतो कशाने, तर 'क'ने. दाढ दुखत असताना जीभ सारखी तिथेच जावी तसं लग्न ठरल्यापासून माझं मन त्या एका अक्षराकडे जात होतं. अडकण्याची मला सवय आहे. भीती वेगळीच होती. मी तिथे अडकणार, आणि मागून कुणीतरी प्रेमाने ओरडणार, "कबूल!" सगळे हसणार, खारका उधळणार, आणि माझं लग्न दुसऱ्याच्या तोंडून लागणार.

आमचं बारामतीत मोटरी रिवायंडिंग करायचं दुकान आहे, घर जळोचीला. शेतकरी विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी घेऊन येतात. अब्बा बाहेर गिऱ्हाईकाशी बोलतात, मी आत तांब्याची तार गुंडाळतो. ही वाटणी कधी कुणी ठरवली नाही, आपोआप पडली. बाकीचे लोक माझं वाक्य चुकीचं पुरं करतात. अब्बा बरोबर करतात. मी नुसतं त्यांच्याकडे बघावं, की ते गिऱ्हाईकाला सांगणार, "बेअरिंग गेलंय म्हणतोय." फोनवर तर दोघांच्या वाटणीचं तेच बोलतात. "पोचला का? पोचला असशील. जेवला? जेवून घे. बरं, ठेवतो." मी फोन कानाला लावून नुसता उभा असतो.

जिच्याशी लग्न ठरलं, तिची माझी भेटही अब्बांमुळेच झाली. ती इंदापूरला डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला. म्हाताऱ्या माणसांसमोर अक्षरांचा तक्ता धरायचा आणि ती वाचेपर्यंत थांबायचं, हे तिचं रोजचं काम. अब्बांना चष्म्यासाठी घेऊन गेलो होतो. तिने सोबत आलेल्याचं नाव विचारलं. मी अडकलो. अब्बांनी सवयीने नाव सांगून टाकलं. ती पेन तसंच धरून म्हणाली, "चाचा, डोळं तुमचं तपासायचंय. ह्यांचं नाव ह्यांना सांगू द्या की." आणि ती थांबली. कीव नाही, घड्याळाकडे नजर नाही, नुसती थांबली. मी नाव सांगितलं. पुढे मीच घरात हट्ट धरला, मामूंना मध्यस्थ घालून निमगाव केतकीला तिच्या घरी मागणी पाठवली, आणि दोन्ही घरांनी होकार दिला.

लग्न साधं करायचं हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. तिच्या गावातल्या मशिदीत दुपार उलटल्यावर असरच्या नमाजानंतर निकाह, तिच्याच घरापुढच्या शेडमध्ये दालचा-भात. हॉल नको, घोडा नको, बँड नको. लग्नानंतर फिरायला जायचं ते भिगवणला. नात्यातले लोक काश्मीरचे फोटो पाठवत होते आणि आम्ही घरापासून तासाभरावर, उजनी धरणाच्या पाण्याकाठी दोन दिवसांची खोली बघत होतो. पक्षी बघायचे, मासे खायचे, झोपायचं. ऐकणारा प्रत्येक जण मला म्हणायचा, "असा साधेपणा पायजे बाबा आजकालच्या पोरांत." मी हसून वेळ मारून न्यायचो, कारण त्यात साधेपणा पावशेर होता आणि भीती मणभर.

ती खोली बघायला आम्ही भिगवणला गेलो, तेव्हा ते गुपित बाहेर पडलं. खोलीवाल्याशी ती बोलली. मग हायवेच्या कडेला जेवायला बसलो. मला मरळ खायची होती. वेटर आला, मी 'म'वर अडकलो, आणि तो म्हणाला, "चिलापी फ्राय? ताजी हाय." मी मान हलवली.

तो गेल्यावर तिने विचारलं, "तुमाला चिलापी पायजे होती?"

"नाही."

"मग मान कशापायी हलवली?"

"सोपं पडतं."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला ताटात तोंड लपवावंसं वाटलं. पण ताट अजून आलं नव्हतं. "निकाहात बी मानच हलवणार हाय का तुमी?" ती म्हणाली. "साधेपणा, साधेपणा म्हणून समदी तुमचं कौतुक करत्यात. मला काय कळत न्हाय व्हय? तुमी माणसांना भिताय."

मी सगळं सांगितलं. सांगायला मासा थंड होईपर्यंत वेळ लागला. मागून कुणीतरी शब्द बोलून टाकेल, आणि बहुतेक ते अब्बाच असतील, हेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला सांगून उपेग काय? अब्बांना सांगा." मग माझ्यापुढची चिलापी स्वतःकडे ओढली आणि वेटरला हाक मारली. तो आला तशी ती गप्प बसली, माझ्याकडे बघत. मी मरळ मागितली. तो दुसऱ्या टेबलावर जाऊन परत आला तेव्हा कुठे माझा शब्द निघाला.

अब्बांना सांगणं मी ढकलत राहिलो. तिकडे अब्बांचा उत्साह उतू चालला होता. रोज दुकानात येणाऱ्या माणसाला आमंत्रण. "आपुन समद्यांचा दालचा खाल्लाय, आता आपल्या लग्नात पंगत उठाय नगं?" एकदा तर पत्ता विचारायला थांबलेल्या ट्रॅक्टरवाल्यालाही त्यांनी बोलावलं. साधं लग्न फुगत चाललं होतं. दुरुस्त झालेली मोटर चाचणीला लावली, की तिच्या घरघरीत मी म्हणून बघायचो, "कबूल, कबूल, कबूल." लोण्यासारखा शब्द यायचा. बटण बंद केलं की शब्दही बंद. मशिदीत मोटर लावायची कशी, हा विचारसुद्धा माझ्या मनात येऊन गेला. हसू नका.

एका दुपारी लाइट गेली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, सगळं गप्प. मी म्हणालो, "अब्बा, निकाहात तुम्ही..."

"शेरवानी घालू? घालतो की."

"नाही. तुम्ही म... म..."

"मामूंना गाडी पाठवू? सांगितलंय ड्रायवरला."

जन्मात पहिल्यांदा त्यांचा नेम चुकत होता. ते भराभर एकेक शब्द पुढे करत होते आणि मी मान हलवत होतो, पण या वेळी आडवी. शेवटी ते थकले, गप्प झाले, आणि त्या शांततेत माझं वाक्य निघालं. "तुम्ही माझा शब्द बोलू नका."

अब्बांनी चष्मा काढून पुसला. "तू अडकशील," ते म्हणाले.

"अडकू द्या."

"लोकं हसतील."

"हसू द्या."

"तुला सोसंल. मला सोसत न्हाय." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "शाळंत नाव घालाय नेलं तवा मास्तरांनी नाव इचारलं. तू उभा राह्यलास आन् समदा वर्ग हसला. मी दारात हुतो. त्या दिवसापास्नं ठरवलं, माझ्यादेखत तुला कुणी हसाय नगं."

मला ती गोष्ट आठवतही नव्हती. इतकी वर्षं मला वाटत होतं, अब्बांना धीर नाही. त्यांना भीती होती, माझ्यापेक्षा जुनी आणि माझ्यापेक्षा मोठी. मला त्यांचा राग यायचा तो त्या दुपारी गेला आणि त्याच्या जागी काय आलं ते सांगता येत नाही.

पण अब्बांनी त्यावर तोडगा काढला तो भलताच. "मग मी निकाहला आत येतच न्हाय," ते म्हणाले. "तिकडं शेडात दालच्याच्या देगीपाशी थांबतो. स्वैपाकाकडं बघाय माणूस लागतंच." आणि त्यांनी ते इतक्या साधेपणाने सांगितलं, की जणू गल्ल्यावर कोण बसणार एवढंच ठरत होतं.

मी तिला फोन केला. ती म्हणाली, "म्हंजी तुमच्या एका शब्दापायी बाप चुलीपाशी?" तिने पुढे काही म्हटलं नाही आणि फोनही ठेवला नाही. ती थांबते तेव्हा पळायला जागा राहत नाही. मला रात्रंदिवस दोनच चित्रं दिसत होती. अब्बा आत असले तर शब्द त्यांचा. अब्बा बाहेर असले तर शब्द माझा, पण तो ऐकायला ते नाहीत. लग्न साधं करता करता मी त्यातून बापालाच वजा करायला निघालो होतो.

शेवटी लग्नाच्या आदल्या दिवशी दुकान बंद करताना मी त्यांना म्हणालो, "माझ्या शेजारी बसा. फक्त गप्प बसा." हे एवढं म्हणायलाही मला कितीतरी वेळ लागला, आणि तेवढा वेळ अब्बा कुलूप हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "जमलं तर बघतो." मला त्या 'जमलं तर'मुळे झोप लागली नाही.

मशिदीत ठरवल्यापेक्षा जास्त माणसं होती. ट्रॅक्टरवालाही आला होता, धुतलेले कपडे घालून. मी खाली मान घालून बसलो होतो, फुलांच्या सेहऱ्याच्या आत घामाने भिजलेला. अब्बा उजव्या हाताला. तिचा होकार घ्यायला गेलेले साक्षीदार परत आले, तिने कबूल केल्याचं त्यांनी सांगितलं. तिचा शब्द झाला होता. आता माझा.

काझीसाहेबांनी विचारलं. मी तोंड उघडलं आणि दार लागलं.

काही ऐकू येत नव्हतं, फक्त पंखा. डोळे मिटले, मान मागे गेली. मागे कुणीतरी घसा खाकरला. मामूंचा आवाज असावा, "क..." त्यांनी सुरुवात केलीच होती. तेवढ्यात शेजारी हालचाल झाली. मी डोळे किलकिले करून पाहिलं. अब्बांनी खांद्यावरचा रुमाल तोंडात कोंबून दातांनी आवळून धरला होता. चेहरा लाल झालेला, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि एक हात मामूंच्या दिशेने वर, तळवा उघडा. कुणी बोलायचं नाही. सगळी मशीद त्या हाताकडे बघत गप्प बसली होती. कुणीही हसलं नाही.

"कबूल," मी म्हणालो. दुसरा त्याहून लवकर आला. तिसऱ्याला पुन्हा वेळ लागला, पण त्या वेळी मला घाई नव्हती. खारका उधळल्या गेल्या, लोक गळ्यात पडले. अब्बांनी रुमाल तोंडातून काढला, झटकला, खांद्यावर टाकला आणि देगीकडे गेले. माझ्याशी ते एक अक्षर बोलले नाहीत.

ते मला खुपत राहिलं. भिगवणच्या खोलीवर पोचलो, होडीतून पाण्यात चक्कर मारली, ती लांबच्या पक्ष्यांकडे बोट दाखवत होती आणि माझं लक्ष खिशातल्या फोनकडे. मी अब्बांचं तोंड बंद केलं ते कायमचंच का, असं वाटत होतं. दिवसभर त्यांचा फोन आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवण करून बाहेर पायरीवर बसलो होतो तेव्हा आला.

"करमतंय का?" अब्बांनी विचारलं.

आता ते म्हणतील, 'करमणारच की, बरं, ठेवतो.' मी वाट पाहिली. ते म्हणाले नाहीत. पलीकडून चाचणीला लावलेल्या मोटरीची घरघर येत होती. मग तीही बंद झाली. त्यांनीच बटण दाबलं असणार. मी 'क'वर अडकलो होतो. शेजारून तिने खुणेने विचारलं, कट झाला का? मी मान आडवी हलवली.

"करमतंय," मी म्हणालो.

"बरं. जेवाय काय हुतं?" अब्बांनी विचारलं, आणि पुन्हा थांबले.

मी सावकाश सांगितलं, "मरळ."