खटक्यावर अडकलेली रुग्णवाहिका

पोंभुर्ण्यात गोपालभाऊंच्या गॅरेजात गाड्या उचलणारी दोन खांबांची हायड्रॉलिक लिफ्ट आली, तेव्हा दुर्गा मडावी कितीतरी दिवस तिच्याकडे नुसती बघत राहायची. आयटीआयमधून मेकॅनिक होऊन तिथं कामाला लागलेली मुलगी ती; इंजिनाचं तिला नवल नव्हतं. पण लहानशा पंपातलं तेल अख्खी गाडी डोक्याच्या वर नेतं, हे तिनं तोवर पुस्तकातच वाचलं होतं.

त्या सकाळी लिफ्टवर चालक रोशनची रुग्णवाहिका होती. काम संपलं, दुर्गानं उतरवायचं हँडल दाबलं. उजवी बाजू बोटभर खाली आली, डावी जागची हलली नाही. गाडी कलली. दुर्गानं हँडल सोडलं आणि सगळ्यांना लांब पिटाळलं.

तेवढ्यात रोशनला फोन आला. जंगलातल्या एका गावात बाई बाळंतपणात अडली होती. एकदा जोरानं दाबून पाहा, असं तो विनवू लागला.

"नाई रोशनभाऊ," दुर्गा म्हणाली. "दुसरी गाडी पाठवाले सांग. हे घाईनं उतरवली तं पडन."

त्यानं वर पाहिलं, आणि फोन लावला. जवळच्या मूल गावाहून दुसरी गाडी निघाली.

खांबांच्या आत ठरावीक उंचीवर लोखंडी खटके असतात. तेलानं दगा दिला तरी गाडी त्यांच्यावर अडकून राहते. उतरवताना एक तार दोन्हीकडचे खटके मागे ओढते. डावीकडची तार खांबातल्या कप्पीच्या चाकावरून घसरली होती, अन् त्या बाजूचा सगळा भार खटक्यावर बसला होता. भार असेपर्यंत खटका सुटणार नव्हता. गाडी खाली आणायची तर आधी वर न्यायला हवी होती.

दुर्गानं मोटर चालवली. गाडी सावकाश उचलली गेली, सरळ झाली. दोन्ही खांबांतून एकदमच 'खट्' आवाज आला, तेव्हा तिनं वजन दोन्ही खटक्यांवर टेकवलं. मग डाव्या खांबाचं झाकण उघडून तार परत कप्पीवर चढवली, पुन्हा जराशी उचल दिली आणि खटके ओढले.

हँडल तिनं दोन बोटांनी धरलं होतं. ओसरत्या पाण्यावर नाव उतरावी तशी रुग्णवाहिका खाली येऊ लागली. तेलाचा बारीक सुस्कारा तेवढा ऐकू येत होता. बोटांचा दाब कमी केला की गाडी हवेत थांबे, वाढवला की पुन्हा निघे.

तिची माय सुकरी मोहफुलं विकायला बाजारात आली होती, ती दारातच थबकली. जन्मभर डोक्यावर ओझी वाहिलेली बाई. चाकं जमिनीला लागली तरी ती आत आली नाही.

"एवढा भार," ती हळूच म्हणाली, "तेल पेलून राह्यलं?"

"हो माय."

सुकरीनं आत येऊन खांबाला हात लावला आणि तो कपाळाला नेला.

मूलची गाडी वेळेवर पोचल्याचं दुपारी कळलं. रोशन चहा घेऊन आला, तेव्हा दुर्गा रिकामी लिफ्ट वर-खाली करत दोन्ही खांबांचा आवाज ऐकत उभी होती.